शेवटच्या तासात पोचणारे

नमस्कार श्रोतेहो.

पहाटे सिंहगडाच्या घाटात किंवा साताऱ्याच्या यवतेश्वराच्या चढावर गेलात, तर कपाळाला टॉर्च बांधून धावणारी माणसं भेटतात. कुणी बँकेत असतं, कुणी दवाखाना चालवतं, कुणी शाळेत शिकवतं. ४२ किलोमीटरची मॅरेथॉन त्यांची होऊन गेलेली असते, आता त्याच्या दुपटीची तयारी चालू असते. त्यांतल्या अनेकांच्या मनात एकच नाव असतं, दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स मॅरेथॉन. बक्षीस मिळणार नाही हे पक्कं ठाऊक असतं. पदरचे पैसे जातात, पायाची नखं काळी पडून गळतात. तरी दरवर्षी महाराष्ट्रातून बरीच मंडळी तिकडे जातात. ही ओढ कसली, हे समजायला त्या शर्यतीचा इतिहासच उपयोगी पडतो, असं मला वाटतं.

डरबन आणि पीटरमॅरिट्झबर्ग या दोन शहरांमधला हा रस्ता. पीटरमॅरिट्झबर्ग म्हणजे १८९३ मध्ये जिथल्या स्टेशनवर गांधीजींना गाडीतून उतरवलं, तेच. अंतर ९० किलोमीटरच्या आसपास. कधी समुद्राकडून वर चढायचं, तर कधी वरून समुद्राकडे उतरायचं. उतरणं सोपं असेल असं वाटतं, पण गड उतरताना मांड्या कशा भरून येतात ते आपल्याला माहीत आहे. प्रत्येक पावलाला शरीर आवरून धरताना मांडीचा स्नायू ताणला जातो आणि त्याचे तंतू दुखावतात. तसं तासन् तास चालतं.

व्हिक क्लॅपहॅम नावाच्या रेल्वे इंजिन ड्रायव्हरनं ही शर्यत सुरू केली. पहिल्या महायुद्धात तो पूर्व आफ्रिकेत शेकडो मैल पायी चालला होता. गेलेल्या सोबत्यांची आठवण दगडात नको, माणसांच्या कष्टांत राहावी, असं त्याच्या मनात होतं. परवानगी अनेकदा नाकारली गेली. शेवटी २४ मे १९२१ रोजी ३४ जण निघाले आणि १६ पोचले. पहिला आलेल्या बिल रोवनला ८ तास ५९ मिनिटं लागली.

मला मात्र विजेत्यांपेक्षा दोन वेगळी माणसं महत्त्वाची वाटतात. १९२३ मध्ये फ्रान्सिस हेवर्ड या बाईंना स्त्री म्हणून प्रवेश नाकारला. त्या तरीही धावल्या आणि ११ तास ३५ मिनिटांत पोचल्या. पदक मिळालं नाही, पण सोबतच्या धावपटूंनी आणि बघणाऱ्या लोकांनी त्यांना चांदीचा चहाचा संच भेट दिला. १९३५ मध्ये रॉबर्ट म्शाली हे कृष्णवर्णीय गृहस्थ असेच नोंदीशिवाय धावले, साडेनऊ तासांत पोचले. स्त्रियांना आणि कृष्णवर्णीयांना अधिकृत प्रवेश मिळायला १९७५ उजाडलं. आपली नोंद होणार नाही हे माहीत असून ही दोघं पहाटे रस्त्यावर उभी राहिली. हे अंतर माझ्यानं होईल का, एवढंच त्यांना पाहायचं असणार. त्याचं उत्तर वशिल्यानं मिळत नाही आणि पदवीनंही मिळत नाही. आपल्या रोजच्या कामांत कोणत्या कष्टाचं काय झालं ते बहुधा कळतच नाही. इथे संध्याकाळपर्यंत कळतं.

पण एकट्याची जिद्द एवढंच कारण असतं, तर माणसं घराजवळच्या मैदानाला फेऱ्या मारत बसली असती. कॉम्रेड्समध्ये 'बस' असते. एखादा अनुभवी धावपटू तिचा 'ड्रायव्हर' होतो. कुठे धावायचं, कुठल्या चढाला चालायचं, हे तो ठरवतो आणि अनोळखी माणसांचा घोळका ठरल्या वेळेत घेऊन जातो. हो, चालायची मोकळीक आहे. पॉली शॉर्ट्सच्या चढावर तर भले भले चालतात. शरीरातली साठवलेली साखर अर्ध्या वाटेआधीच संपत आलेली असते, म्हणून खात खात जावं लागतं. रस्त्याकडेला लोक मीठ लावलेले उकडलेले बटाटे देतात, पाण्याच्या पिशव्या दातांनी फोडायच्या. छातीवरच्या नंबराबरोबर नाव छापलेलं असतं, त्यामुळे परकी माणसं नावानं हाक मारतात. इंचांगाजवळ एथेम्बेनी ही अपंग आणि दृष्टिहीन मुलांची शाळा आहे. ती मुलं रस्त्यालगत हात पुढे करून बसतात, आणि वेळेसाठी धडपडणारे धावपटूही त्यांच्या हातावर टाळी देण्यासाठी कडेला येतात.

आपल्याकडे सिंहगड-राजगड-तोरण्याच्या वाटेवर धावणारेही हेच सांगतात. धारेवर पुढचं पाऊल कुठे टाकायचं, याखेरीज डोक्यात काही उरत नाही, आणि मागून येणारा अनोळखी माणूस हाक देऊन जातो.

आता शेवटच्या तासाबद्दल. मर्यादा १२ तासांची. वेळ संपताना एक अधिकारी शेवटच्या रेषेवर धावपटूंकडे पाठ करून उभा राहतो आणि बंदूक उडवतो. पाठ अशासाठी, की कुणी दोन पावलांवर असलेलं दिसलं तर हात थांबेल. त्यानंतर येणाऱ्याला पदक नाही. १९८९ मध्ये मर्यादा ११ तासांची होती. पूर्वी पाच वेळा जिंकलेले वॉली हेवर्ड ८० व्या वर्षी धावले आणि दोन मिनिटांहूनही कमी वेळ उरला असताना आत आले. आज ११ ते १२ तासांत पोचणाऱ्यांना जे पदक मिळतं, त्याला नाव आहे संस्थापक व्हिक क्लॅपहॅमचं. ९ ते १० तासांवाल्यांच्या पदकाला रॉबर्ट म्शालींचं.

शर्यत बहुधा जूनमध्ये असते, इंटरनेटवर थेट दाखवतात. पहिला क्रमांक आपल्याकडच्या दुपारी ठरून जातो. तो चुकला तरी चालेल. रात्री साडेआठ-नऊच्या सुमारास मात्र नक्की लावा, घरातल्या मुलांना शेजारी बसवा, आणि आपल्या माणसांची नावं दिसतात का पाहा. धन्यवाद.