शह, चेस आणि चेक: एका शब्दाचा प्रवास

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषणाचे संपादित रूप)

अध्यक्ष महोदय, कार्यकारिणीचे सदस्य आणि येथे जमलेल्या बंधुभगिनींनो,

आज मी आपल्यापुढे एका इंग्रजी शब्दाविषयी बोलणार आहे, आणि तो शब्द आहे ‘चेक’. इथे कॅनडात आपल्या बोलण्यात तो दिवसातून कितीदा येतो याची आपल्याला जाणीवही नसते. विमानतळावर आपण चेक-इन करतो, गाडीचे तेल चेक करतो, चौकड्यांच्या शर्टाला चेक्सचा शर्ट म्हणतो, बँकेत चेक भरतो आणि मुलगा बुद्धिबळाच्या पटावर समोरच्याला ‘चेक’ म्हणाला की कौतुकाने पाहतो. अडवणे, तपासणे, चौकट, पैसे देण्याचा कागद आणि खेळातला इशारा हे सगळे अर्थ एकाच शब्दाला कसे चिकटले, हा प्रश्न मला फार दिवस खुणावत होता. त्याचे उत्तर बुद्धिबळात आहे, आणि ते उत्तर समजून घ्यायला मराठी माणसाइतका सोयीच्या जागी क्वचितच दुसरा कोणी उभा असेल. कारण ज्या शब्दापासून इंग्रजांचा ‘चेक’ झाला, त्याच शब्दापासून आपला ‘शह’ झाला आहे.

बुद्धिबळाचा पूर्वज असलेला चतुरंग हा खेळ इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या सुमारास भारतात खेळला जात होता. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ ही सैन्याची चार अंगे, म्हणून चतुरंग. तो इराणात गेला तेव्हा ‘चतरंग’ झाला, अरबांकडे ‘शतरंज’ झाला, आणि अरबांच्या राज्यविस्ताराबरोबर स्पेन आणि सिसिलीच्या वाटेने युरोपात पोहोचला. इराणी खेळाडू प्रतिपक्षाच्या राजावर चाल करून आला की सावध करण्यासाठी ‘शाह!’ म्हणत असे, म्हणजे ‘राजा सांभाळ’. हा पुकारा खेळाबरोबरच प्रवास करत राहिला. मध्ययुगीन लॅटिनमध्ये त्याचे ‘स्काकुस’ झाले, जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेक’ झाले आणि इंग्रजीत आरंभीचा स्वर गळून ‘चेक’ उरला. त्याच फ्रेंच शब्दाचे अनेकवचन घासून ‘चेस’ झाले. म्हणजे चेस आणि चेक ही मुळात एकाच शब्दाची दोन रूपे आहेत आणि चेस या शब्दाचा मूळ अर्थ ‘राजे’ असा होतो. आपल्या मुलांना हे आवर्जून सांगावे असे मला वाटते, कारण शाळेच्या चेस क्लबात ती जो शब्द उच्चारतात, त्याचा भाऊबंद त्यांच्या आजोबांच्या तोंडी ‘शह’ म्हणून आजही आहे.

‘शाह’ या शब्दाचे मूळही आपल्यापासून दूर नाही. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या अखेरीस इराणच्या दारयवहु (डरायस) राजाने बेहिस्तूनच्या कड्यावर जो लेख कोरविला, त्यात त्याने स्वतःला ‘क्षायथिय’ म्हणजे राजा म्हटले आहे. त्या शब्दाचा झिजून शाह झाला. त्यातला ‘राज्य करणे’ या अर्थाचा धातू आणि आपल्या ‘क्षत्र’ शब्दातला धातू एकाच कुळातले आहेत. मराठी इतिहासात तर शाह हा शब्द घराघरांत पोहोचला. आजच्या अहिल्यानगरातील शाह शरीफ या पीरांच्या कृपेने मुलगे झाले म्हणून मालोजीराजांनी त्यांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, असे परंपरा सांगते. आणि शिवछत्रपतींच्या संस्कृत राजमुद्रेत ‘शाहसूनोः’ हे पद आहेच.

आता अर्थांकडे वळू. शह मिळाला की खेळाडूला आपला बेत सोडून आधी राजा सोडवावा लागतो. ही जी सक्तीची अडवणूक, तीच इंग्रजीत ‘चेक’ या क्रियापदाचा अर्थ होऊन बसली. मराठीतही शब्द पटावरून उठून अगदी याच वाटेने राजकारणात शिरला आणि शह-काटशह आपल्या नित्याच्या बोलण्यात आले. इथल्या आइस हॉकीत समोरच्या खेळाडूला अंगाने अडवतात त्याला ‘बॉडी चेकिंग’ म्हणतात. त्यात तपासणीचा काहीही संबंध नाही, तो हा जुना अर्थ शाबूत राहिला आहे. अडवून ताब्यात ठेवणे, मग ताबा राहावा म्हणून पडताळून पाहणे, अशा पायऱ्यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस तपासण्याचा अर्थ रूढ झाला, आणि आज तोच सर्वांत मोठा झाला आहे.

‘शहामात’ मधल्या ‘मात’ विषयी दोन मते आहेत. अरबीत ‘माता’ म्हणजे मेला, म्हणून ‘राजा मेला’ असा अर्थ पुष्कळ ठिकाणी दिला जातो. फारसीत मात म्हणजे हतबल, निरुपाय झालेला. मला दुसरे मत पटते. बुद्धिबळात राजा कधीच मारला जात नाही, त्याची फक्त कोंडी होते. आणि मराठीत आपण संकटावर मात करतो तेव्हाही त्याला निष्प्रभ करण्याचाच भाव असतो.

सर्वांत रंजक भाग हिशेबाचा आहे. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाच्या महसुलाचा जमाखर्च एका मेजावर होत असे. त्या काळच्या कोषाध्यक्षाने, रिचर्ड फिट्झनीलने, 1170 च्या दशकाच्या अखेरीस लिहिलेल्या ग्रंथात या मेजाचे तपशीलवार वर्णन केले आहे. ते सुमारे दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद होते, आणि वरचे काही घरंगळू नये म्हणून त्याला चार बोटे उंचीची कड होती. त्यावर दर ईस्टरला नवे काळे कापड अंथरत आणि त्यावर फूटभर किंवा वीतभर अंतराने रेघा आखलेल्या असत. प्रत्येक रकान्याला आपापली किंमत होती: पेन्स, शिलिंग, पौंड, मग विसा, शेकडा, हजार. रोमन अंकांनी बेरीज-वजाबाकी करणे जिकिरीचे असल्याने रकान्यांत चकत्या मांडून आणि उचलून हिशेब होई. परगण्याचा शेरीफ, म्हणजे मुंबईत आपण ज्या पदाला नगरपाल म्हणतो त्याचा मूळ पूर्वज, एका बाजूला. कोषाध्यक्ष दुसऱ्या बाजूला. आणि वसूल किती, भरणा किती हे सर्वांच्या डोळ्यांदेखत मेजावर दिसे. हा सामना बुद्धिबळासारखाच आहे, असे फिट्झनीलनेच म्हटले आहे. चौकटींच्या कापडामुळे त्या मेजाला बुद्धिबळाच्या पटाचे, म्हणजे ‘एक्सचेकर’ हे, नाव मिळाले, मेजावरून खात्याला मिळाले, आणि ब्रिटनचे अर्थमंत्री आजही ‘चान्सलर ऑफ द एक्सचेकर’ म्हणवले जातात. चौकड्यांच्या कापडाला चेक्स म्हणण्यामागेही हाच पट आहे.

या खात्यात पावती म्हणून खाचा पाडलेली काठी उभी चिरून दोन्ही पक्षांना एकेक भाग देत, आणि पुढे दोन्ही भाग जुळवून खरेखोटे ठरवत. निकामी झालेल्या अशा काठ्या 16 ऑक्टोबर 1834 रोजी जाळत असताना भट्टी भडकली आणि लंडनचे संसद भवन आगीत सापडले.

बँकेच्या चेकमागेही जुळवून पाहण्याचीच कल्पना आहे. अठराव्या शतकात आरंभी चेक म्हणजे हुंडीचे स्थळप्रत म्हणून मागे ठेवलेले अर्धुक (अर्धा भाग), जे बनावट कागद ओळखण्यासाठी असे. नंतर ते नाव त्या कागदालाच लागले. हा शब्द अरबी ‘सक्क’, म्हणजे पैसे देण्याचा लेखी करार, यावरून आला असे अनेकदा ऐकू येते. तसे कागद अरब व्यापाऱ्यांत खरोखर चालत, परंतु इंग्रजी शब्दाचा माग या अर्धुकापर्यंत स्पष्ट लागत असल्यामुळे मला ती व्युत्पत्ती ग्राह्य वाटत नाही. कोट ठेवल्यावर मिळणारा बिल्ला आणि अमेरिकेतील उपाहारगृहातले बिल यांनाही चेक म्हणतात, तेही याच अर्थाने.

अमेरिकेत बँकेच्या चेकचे स्पेलिंग इतर चेकसारखेच राहिले. ब्रिटनमध्ये आणि म्हणून आपल्या कॅनडातही ते वेगळे, शेवटी क्यू-यू-ई असलेले झाले, आणि ही अक्षरे आली ती एक्सचेकर या शब्दाच्या प्रभावाने, म्हणजे काळे कापड अंथरलेल्या त्याच मेजावरून.