केसली हेफर्ड : जमिनीसाठी लढलेला बॅरिस्टर, कादंबरीकार

नमस्कार. जोसेफ एफ्रम केसली हेफर्ड यांचा जन्म १८६६ साली केप कोस्ट येथे झाला. हे शहर तेव्हाच्या गोल्ड कोस्ट या ब्रिटिश वसाहतीत, म्हणजे आजच्या घाना देशात आहे. सिएरा लिओनमधील फ्रीटाउन येथील फोरा बे कॉलेजातील शिक्षणानंतर त्यांनी पत्रकारिता केली आणि पुढे इंग्लंडला जाऊन १८९६ मध्ये ते बॅरिस्टर झाले.

त्या काळात गोल्ड कोस्टमध्ये जमिनीचा प्रश्न पेटला होता. १८९७ च्या विधेयकाने सरकार ज्यांना 'सार्वजनिक' म्हणत होते, त्या जमिनींचा कारभार स्वतःच्या हाती घेऊ पाहत होते. त्याविरुद्ध केप कोस्टमध्ये 'ॲबोरिजिनीज राइट्स प्रोटेक्शन सोसायटी', म्हणजे मूळ रहिवाशांच्या हक्कांचे रक्षण करणारी संस्था, उभी राहिली, तिचे शिष्टमंडळ १८९८ मध्ये लंडनला गेले आणि विधेयक मागे पडले. या चळवळीत हेफर्ड पुढे अग्रणी झाले. एखादी जमीन कसलेली नसली, तरी तिचा मालक एखादे कुटुंब किंवा गादी (म्हणजे स्थानिक प्रमुखाचे पद) असतेच, त्यामुळे बेवारस जमीन या देशात नाही, हा या लढ्याचा कायदेशीर पाया होता. हेफर्ड यांनी १९०३ च्या ग्रंथात येथील राज्यसंस्था आणि रूढी तपशिलाने मांडल्या, कारण ज्या व्यवस्थेची नोंदच नाही, ती न्यायालयात नाकारणे सोपे जाते.

१९११ मध्ये लंडनमध्ये त्यांची 'इथिओपिया अनबाउंड' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. पश्चिम आफ्रिकी लेखकाने इंग्रजीत लिहिलेल्या अगदी पहिल्या कादंबऱ्यांत तिची गणना होते. लंडनमध्ये कायदा शिकणारा तिचा नायक क्वामांक्रा आपल्या लोकांसाठी आजच्या घानातील कुमासी शहरात राष्ट्रीय विद्यापीठाचे स्वप्न पाहतो. कथानक विस्कळीत आहे, मध्येच निबंध येतात. तरीही माझ्या मते हेफर्ड यांचे मन सर्वांत मोकळेपणाने बोलते ते याच पुस्तकात.

हेच स्वप्न १९२० मध्ये राजकीय मागणी बनले. गोल्ड कोस्टमधील अक्रा येथे भरलेल्या 'नॅशनल काँग्रेस ऑफ ब्रिटिश वेस्ट आफ्रिका' या पश्चिम आफ्रिकेतील ब्रिटिश वसाहतींच्या राजकीय संघटनेने विधिमंडळात निवडून आलेले सदस्य आणि पश्चिम आफ्रिकेचे विद्यापीठ मागितले. लंडनला गेलेल्या शिष्टमंडळाला वसाहतमंत्री लॉर्ड मिल्नर यांनी भेट नाकारली. गोल्ड कोस्टच्या १९२५ च्या राज्यघटनेने नगरांना विधिमंडळात मोजक्या निवडून द्यायच्या जागा मिळाल्या. या घटनेला आधी विरोध करणारे हेफर्ड १९२७ मध्ये सेकोंडी या नगरातून निवडून आले, आणि जुन्या सहकाऱ्यांपैकी काहींनी त्यांना दोष दिला. मला मात्र तो निर्णय योग्य वाटतो, कारण बाहेर राहून ती जागा दुसऱ्याच्या हाती सोपवण्यात काहीच साधले नसते. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले आणि काँग्रेसही ओसरली.