बादलीत काही ओतायच्या आधी खाली बघा

नमस्कार मंडळी, आज लादी पुसण्याबद्दल बोलूया. हसू नका! आधी केर काढा, फडकं पिळून घ्या, हे काय मी सांगायला नको, ते तुमचं तुम्हाला येतं. मी एकच सांगणारे आणि परत परत सांगणारे, बादलीत काही ओतायच्या आधी पायाखाली काय आहे ते बघा. टाइल आहे, संगमरवर आहे की लाकूड?

व्हिट्रिफाइड टाइल त्यातली सगळ्यात सोशिक. ती पाणी जवळजवळ पीतच नाही, त्यामुळे साधं पाणी आणि टोपणभर लिक्विड बास. लोक काय करतात, अर्धी बाटली ओततात, मग साबणाचा चिकट थर राहतो, त्यावर धूळ बसते, पावलं उमटतात, आणि लादी घाण दिसते म्हणून परत अर्धी बाटली. आणि तो वास! बाटलीवर मोगरा लिहिलेला असतो आणि घरात शिरलं की दवाखान्यात आल्यासारखं वाटतं, स्वच्छ घराला वास नसतो असं माझं स्पष्ट मत आहे, हल्ली तर गाडीत, कपाटात, उशीला, सगळीकडेच सेंट मारत सुटलेत लोक. असो.

तर संगमरवर. आमच्या नात्यात एक काका आहेत, प्रत्येक गोष्टीतलं त्यांना कळतं. भाचीने नवीन घर घेतलं, हॉलभर पांढराशुभ्र संगमरवर, आणि दाराजवळ एक पिवळट डाग. भाची म्हणाली राहू दे काका, पॉलिशवाल्याला विचारते. काका म्हणाले, पॉलिशवाला कशाला, मी आहे ना! सगळे बाहेर गेल्यावर बाथरूममधून टॉयलेट क्लीनरची बाटली आणली आणि दिली ओतून. ओतल्या ओतल्या फस्स करून फेस आला. काका एकदम खूश, शेजाऱ्यांना हाक मारून दाखवतायत, बघा बघा, घाण कशी उकळून बाहेर पडतेय! शेजारीही म्हणाले वा. आता मंडळी, ती घाण नव्हती हो, तो दगड होता! संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, त्यावर अ‍ॅसिड पडलं की दगडच विरघळतो आणि कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो, फेस दिसतो तो त्याचा. काका मात्र जोशात, त्याच ओल्या स्लिपरने हॉल ओलांडून किचनमध्ये गेले, फडकं घेतलं, परत आले, मग बाल्कनीत जाऊन उभे राहिले कौतुकाने बघत. वाळल्यावर काय, डाग होता तिथे थाळीएवढा खडबडीत पांढरा चट्टा, आणि तिथून किचनपर्यंत, किचनपासून बाल्कनीपर्यंत काकांची पावलं! घासली तरी जात नाहीत, कारण पुसायला वर काही बसलेलंच नाही, तिथली चकाकीच गेलेली. काका म्हणे, मी तर इथे आलोच नव्हतो. शेवटी पॉलिशवाला आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, ज्यांनी केलंय ते डावा पाय जरा फाकवून चालतात का? सगळ्यांनी काकांकडे बघितलं. आणि काका मान हलवत बाल्कनीत निघाले, डावा पाय फाकवत.

अख्खा हॉल परत घासून घ्यावा लागला, आणि मूळ पिवळा डाग गंजाचा होता, पॉलिशवाल्याने तो वेगळा लेप लावून काढला.

तेव्हा परत सांगतो, संगमरवरावर अ‍ॅसिड नाही. लिंबू नाही, व्हिनेगरही नाही, तीही अ‍ॅसिडच, जरा सौम्य एवढंच. जुन्या मोझॅकमध्येही बहुतेक वेळा संगमरवराचेच तुकडे असतात, त्यामुळे तिथेही नाही. टाइलमधले सिमेंटचे सांधेसुद्धा अ‍ॅसिडने झिजतात. आणि हे तर कान देऊन ऐका, अ‍ॅसिडवाला क्लीनर आणि ब्लीच एकत्र कधीही करू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो, विषारी असतो तो.

लाकूड आणि लॅमिनेट राहिलंच. त्यांचा शत्रू पाणी. पाणी फटीत शिरलं की कडा फुगतात आणि एकदा फुगलेलं लॅमिनेट परत बसत नाही, बदलावंच लागतं. फडकं इतकं पिळा की पुसलेलं मिनिटभरात वाळलं पाहिजे. वाफेचा मॉप इथे नको, जाहिरातीत काहीही दाखवू देत, जाहिरातीतली लादी पुसायच्या आधीच चकचकीत असते.

पुसताना आतून दाराकडे मागे मागे या, म्हणजे ओल्यावर पाय पडत नाही. पाणी गढूळ झालं की बदला, नाहीतर आपण मळ पुसत नाही, घरभर वाटत फिरतो. आणि काम झालं की फडकं धुऊन पसरून वाळत घाला, बादलीत तसंच ओलं ठेवलंत तर उद्या लादीला त्याचाच वास येणार.