चौथा प्रश्न

मित्रहो, दारूचा विषय निघाला की बहुतेक घरांत पहिला प्रश्न असतो, "किती पितो?" मला तो फारसा उपयोगी वाटत नाही, कारण रोज एका क्वार्टरवर भागवणारा माणूसही व्यसनी असू शकतो आणि "तो काही रस्त्यात पडत नाही" अशी समजूत घरचे वर्षानुवर्षे घालून घेतात. डॉक्टर चार साधे प्रश्न विचारतात. पिणे कमी करायला हवे असे कधी वाटले का, त्यावरून कोणी बोलले की चीड येते का, मागाहून अपराधी वाटते का आणि सकाळी उठल्याउठल्या उतारा म्हणून घोट घ्यावा लागतो का? दोहोंना 'होय' आले तरी तज्ज्ञांना भेटायला हवे. चौथ्याला आले तर उशीर करूच नये.

या चौथ्या प्रश्नापाशी मी नेहमी थांबतो. समुपदेशनाला आलेले काहीजण समोरचा चहा एका हाताने उचलत नाहीत. दोन्ही हातांनी कप धरून तोंडच खाली नेतात, आणि शेजारी बसलेली पत्नी बशी हळूच पुढे सरकवते, सांडलेले दिसू नये म्हणून. तिने कित्येक वर्षे हेच केलेले असते: कचेरीत "यांना ताप आहे" असा फोन, दुकानदाराची उधारी फेडणे, मुलांना "बाबा दमलेत" म्हणून सांगणे. तिला दोष देणे अन्यायाचे आहे; मात्र या सांभाळण्यामुळे पिण्याची झळ पिणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही.

आपल्याकडे दारू सुटावी म्हणून गळ्यात माळ घालतात, देवापुढे शपथ घेतात. त्या निश्चयाविषयी मला आदर आहे, पण रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली, तर पुढच्या दोन-चार दिवसांत झटके येऊ शकतात, भास होतात, माणूस भ्रमिष्ट होतो, आणि क्वचित जीवही जातो. म्हणून पहिले दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काढावेत. दारू सुटावी म्हणून जेवणातून चोरून औषध देणेही धोक्याचे.

पुण्यात 1986 साली डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, तेव्हापासून व्यसन हा आजार आहे, ही गोष्ट मराठी घरांत थोडीफार रुजली. 1935 साली अमेरिकेत सुरू झालेल्या, दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा आपल्याकडेही भरतात. तिथे फी नसते, आडनाव कोणी विचारत नाही, आणि पुन्हा प्यायलेल्या माणसालाही बसायला खुर्ची मिळते. घरच्यांसाठी अल्-अ‍ॅनॉनचे गट वेगळे आहेत. 14446 ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन विनाशुल्क आहे. पिणारा यायला तयार नसेल, तर पत्नीने, आईने, भावाने आधी फोन करावा; त्याच्या होकाराची वाट पाहत बसू नये.