होडी कुठे ठेवतात ते आधी पाहा

मंडळी, मच्छीमारांच्या देखण्या गावांची यादी आज कुठेही मिळते. तीत रंगवलेल्या घरांचे फोटो असतात आणि सूर्यास्त असतोच असतो. ती यादी मी वाचून दाखवणार नाही. अशा गावात गेलात तर घरांच्या रंगांकडे सावकाश बघा. इथले लोक होड्या कुठे ठेवतात, हे आधी शोधा. गावाचं रूप बरेचदा तिथूनच ठरलेलं असतं.

जपानमधलं इने घ्या. क्योतो प्रांताच्या उत्तर किनाऱ्यावर एका लहानशा आखाताच्या काठाने सुमारे २३० ‘फुनाया’ पाण्याला खेटून उभ्या आहेत. खाली होडीघर, वर माळा. तळमजल्याची जमीन पाण्यात उतरत जाते, त्यामुळे होडी सरळ घरात ओढून घ्यायची. वर जाळी आणि दोरखंड. राहतं घर मात्र रस्त्यापलीकडे.

इतक्या जवळ बांधायची हिंमत झाली कशी? जपानच्या समुद्रात भरती-ओहोटीचा फरक अगदी थोडा. शिवाय आखाताचं तोंड दक्षिणेला, आणि त्या तोंडावर आओशिमा बेट आडवं पडलेलं. खुल्या समुद्राच्या लाटांचा जोर बाहेरच मोडतो. दुसऱ्या एखाद्या किनाऱ्यावर हीच घरं पहिल्याच उधाणात गेली असती.

२००५ पासून ही वस्ती संरक्षित आहे. पण आताच्या मोठ्या होड्या जुन्या होडीघरांत मावत नाहीत, त्या बाहेर बांधाव्या लागतात, आणि काही फुनायांमध्ये पर्यटक मुक्कामाला असतात. काहींना हे खटकतं. मला नाही खटकत. घर रिकामं पडून कुजण्यापेक्षा कुणीतरी त्यात दिवा लावलेला बरा.

नॉर्वेच्या लोफोतेन बेटांवर रेइने, ओ ही गावं आहेत. लोक तिथे उन्हाळ्यात जातात, डोंगर बघतात, लाल लाकडी खोल्यांचे फोटो काढतात. या खोल्या म्हणजे ‘रोरबू’, हंगामापुरत्या येणाऱ्या मच्छीमारांच्या निवाऱ्याच्या. त्यांचा हंगाम हिवाळ्याचा! बारेन्ट्स समुद्रातले कॉड मासे जानेवारी ते एप्रिलच्या सुमारास अंडी घालायला इथे येतात. पकडलेली मासळी साफ करून, जोडीजोडीने शेपट्या बांधून, उघड्यावरच्या लाकडी मांडवांवर टांगतात. मीठ नाही, धूर नाही. ध्रुववृत्ताच्या उत्तरेला असूनही उबदार सागरी प्रवाहामुळे इथलं तापमान शून्याच्या आसपास रेंगाळतं. जास्त थंडी असती तर मासा गोठून खराब झाला असता, जास्त ऊब असती तर सडला असता. सुकलेला मासा मुख्यतः इटलीला जातो आणि डोकी नायजेरियाला. मार्चमध्ये गेलात तर हे सगळं दिसेल. वासही येईल, आणि तो फोटोत येत नाही हे बरंच आहे.

माल्टाच्या मार्साश्लोकबद्दल थोडक्यात: होड्यांच्या नाळेवर रंगवलेले डोळे सुरेख आहेत. पण रविवारी बाजारामुळे गर्दी फार. होड्या निवांत बघायच्या असतील तर दुसरा वार धरा.

शेवटी पोर्तुगालचं नझारे. आज ते प्रचंड लाटांसाठी प्रसिद्ध आहे. समुद्रतळाशी असलेल्या खोल दरीमुळे लाटांचं बळ किनाऱ्याजवळ एकवटतं, आणि ऑक्टोबर ते मार्च जगभरचे लाटास्वार तिथे जमतात. पण त्याच समुद्रात माणसं होड्या लोटत होती, तेही बंदराशिवाय. होड्या वाळूवरून ढकलायच्या, परतल्या की बैलांनी वर ओढायच्या. १९८०च्या दशकात बंदर झालं, जीव वाचले, आणि होड्या किनाऱ्यावरून हलल्या. रंगीत जुन्या होड्या आता वाळूवर प्रदर्शनाला मांडल्या आहेत. त्यांच्यापाशी मासळी वाळत घालणाऱ्या बायका मात्र अजून दिसतात. फोटो काढायचा तर आधी त्यांना विचारा, आणि जमलं तर थोडी मासळी विकत घ्या. मग पायी बंदराकडे जा. तिथे देखणं असं फारसं काही नाही, पण गावातल्या कामाच्या होड्या आता तिथेच लागतात.