माती फोडू नका, उभीच्या उभी काढा

नमस्कार मंडळी. माती परीक्षणाला नमुना कसा न्यायचा ते तुम्हाला ठाऊकच आहे. पण तो अन्नद्रव्यं मोजायला. पाणी खाली कुठवर जातं, सोबत खत किती नेतं हे बघायचं तर माती फोडायची नाही, अखंड काढायची. फोडली की भेगा गेल्या, मुळांच्या अन् गांडुळांच्या वाटा गेल्या, आणि पाणी तर त्याच वाटांनी जातं.

जिंतूरकडं एका तात्यांच्या रानात दिवाळीनंतर असा नमुना काढला, सोयाबीन निघालेलं, वरून भेगा, खाली ओल. तात्या म्हणले, "काळ्या रानात पाणी खाली जायलंय कुठं, आम्ही चार-चार दिवस चिखल तुडवायलोत." आम्ही चारी बाजूंनी चर खांदला, मधला मातीचा खांब खुरप्यानं हळूहळू तासला, वरून मोठा पीव्हीसी पाइप घातला आणि फटीत वितळलेलं मेण ओतलं, कारण फट राहिली की पाणी कडेकडेनं पळतं अन् सगळा हिशेब खोटा येतो.  मग खांब बुडातून कापून उचलून ठेवला अन् मिठाईचा निळा रंग कालवलेलं पाणी वरून ओतलं. चहा उकळतोय तोवर खालून निळं पाणी ठिबकायला लागलं! नंतर पाइप चिरून ढेकूळ फोडलं, तर आतून काळंच, निळा रंग नुसता भेगांच्या कडांना. तात्या ढेकूळ उलटंपालटं करत म्हणले, "मंजी माझा युरिया बी ह्याच वाटंनं गेला का?"

गेला ना. युरियाचं नायट्रेट, म्हणजे पाण्यात विरघळणारं नत्र, झालं की चिकणमाती त्याला धरत नाही, ते पाण्यासोबत विहिरीत उतरतं, आणि पिण्याच्या पाण्यात ते लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नको. तात्यांचा चिखलही खराच, माती फुगली की भेगा मिटतात. धोका भेगाळलेल्या रानावर पडणाऱ्या जोराच्या पावसाचा, म्हणून तेव्हा युरिया फेकू नका, एकदम न देता थोडा थोडा करून द्या.

इंग्लंडात रोथामस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात १८७० साली अशीच न हलवलेली माती खालून पोखरून निचरा मोजायची सोय केली होती.

आणि एक सांगतो, नमुना वाफशावरच, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी असतानाच, काढा. ओल्यात काढला तर माती लिंपते, छिद्रं बुजतात, कोरड्यात ढासळते. वाफसाच बघा. पाइपावर वरच्या बाजूला बाण काढा, दोन्ही तोंडं बांधा, गाडीत खाली कडबा टाकून उभाच न्या.