सोमवारी रद्दीत जाणारी चित्रं

(दृश्य : रविवारच्या वर्तमानपत्राचं जुनं रंगीत पान, कडा तपकिरी पडलेल्या. कॅमेरा एकेका चौकटीवरून सरकतो.)

'न्यू यॉर्क हेराल्ड'चं हे पान जुलै १९०८ मधलं. निमो नावाचा मुलगा पलंगावर आहे आणि पलंगाचे पाय वाढू लागलेत. पाय लांब होतात, तशी चौकटही उंच होत जाते. पलंग घराबाहेर पडतो, इमारतींवरून ढांगा टाकत सुटतो, ठेचकाळतो आणि निमो स्वप्नातून जागा होतो. विन्सर मॅके यांनी हा निमो १९०५ मध्ये सुरू केला. रविवारचं अख्खं पान त्याचं असायचं. वाचकांनी ते चवीनं पाहिलं आणि सोमवारी पान रद्दीत गेलं.

कॉमिक स्ट्रिप, म्हणजे वर्तमानपत्रातल्या चौकटींच्या चित्रगोष्टी, आणि कार्टून फिल्म : मला या कलेचं वेड लागलं ते इथंच. पान उद्या कुणाच्याही घरात उरणार नाही, हे काढणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं. तरी त्या इमारतींच्या खिडक्या बघा. एकही अंदाजपंचे काढलेली नाही.

(दृश्य : गर्टी गुहेतून डोकं बाहेर काढते.)

हेच मॅके १९१४ मध्ये रंगमंचावर उभे राहिले, हातात चाबूक घेऊन. मागे पडद्यावर गर्टी नावाची डायनोसॉर. ते हुकूम सोडायचे, ती ऐकायची. ते रागावले की ती रडायची. ते फळ फेकल्यासारखं करायचे आणि ती पडद्यावर ते झेलायची. यासाठी त्यांनी हजारो चित्रं हातानं काढली. सेल, म्हणजे सेल्युलॉइडचे पारदर्शक तक्ते, तेव्हा वापरात आले नव्हते, त्यामुळे मागचे डोंगर आणि दगडसुद्धा प्रत्येक कागदावर नव्यानं गिरवावे लागत. ते काम त्यांचा एक तरुण मदतनीस करायचा. आता गर्टीकडे पाहू नका, मागच्या दगडांकडे पाहा. त्यांच्या रेषा सतत थरथरताहेत. कागद बदलला की रेष केसभर सरकते. तो थरथराट मला फार प्रिय आहे. कुणाचा तरी हात तिथं आहे, हे त्यात डोळ्यांना दिसतं.

पुढे सेल आले. पार्श्वभूमी एकदाच रंगवायची आणि हलणारी पात्रं वरच्या पारदर्शक सेलवर काढायची. काम वेगानं होऊ लागलं. पण फिल्म तयार झाली की कितीतरी सेल धुऊन पुन्हा वापरले जायचे. म्हणजे इथंही तीच गत, चित्रं पुसून टाकण्यासाठीच काढलेली.

(दृश्य : वाळवंट, चंद्र, एक मांजर, एक उंदीर. उंदराच्या हातात वीट.)

आता जॉर्ज हेरिमन यांची 'क्रेझी कॅट'. इथं मात्र मला घाई करायची नाही. गोष्ट एका ओळीची आहे. इग्नात्झ उंदीर मांजराच्या डोक्यात वीट हाणतो आणि मांजराला ती प्रेमाची खूण वाटते. पोलीस असलेला कुत्रा मांजरावर जीव टाकतो, म्हणून तो उंदराला तुरुंगात घालतो. बस्स. एवढ्यावर १९१३ पासून १९४४ पर्यंत ही स्ट्रिप चालली. आणि पार्श्वभूमी? पात्रं एकाच जागी उभं राहून बोलत असतात. पहिल्या चौकटीत मागे डोंगर, दुसरीत झाड, तिसरीत आणखीच काहीतरी. कुणी त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. बऱ्याच वाचकांना हे काही कळायचं नाही, पण वर्तमानपत्रांचे मालक विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांना ती आवडत होती, म्हणून ती टिकली. हेरिमन गेले तेव्हा ती दुसऱ्या कुणाच्या हाती दिली नाही. माझ्या मते तो निर्णय शंभर टक्के योग्य होता.

वाचकांचं प्रेम काय करू शकतं, हे पाहायचं तर पॉपाय पाहा. ई. सी. सेगर यांच्या स्ट्रिपमध्ये ऑलिव्ह, म्हणजे पॉपायची पुढची प्रेयसी, १९१९ पासून होती. पॉपाय आला जानेवारी १९२९ मध्ये, एका सफरीपुरता भाड्यानं घेतलेला खलाशी म्हणून. सफर संपली, तो गेला. वाचकांनी त्याला परत मागितलं आणि काही काळात सगळी स्ट्रिप त्याचीच झाली.

(दृश्य : टॉम धावतो, भिंतीवर आदळतो. आवाज बंद.)

हे बिनआवाजाचं पाहून घ्या. आता आवाजासह. फरक कळला ना? विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांच्या टॉम अँड जेरीमध्ये संवाद जवळपास नाहीतच. तिथं बोलतं ते स्कॉट ब्रॅडली यांचं संगीत. पावलागणिक सूर आहे. आणि टॉमची ती जगप्रसिद्ध किंकाळी खुद्द हॅना यांची. सेकंदाला २४ फ्रेम. त्यातल्या दोन-चार इकडच्या तिकडे झाल्या तर हसू येत नाही. चक जोन्स यांच्या कार्टूनमधला कोयोटी, म्हणजे लांडग्यासारखा प्राणी, कड्याच्या पुढे हवेत थांबतो, आपल्याकडे बघतो आणि मगच पडतो. ते बघणं किती फ्रेम टिकावं, यातच सगळं आहे.

(दृश्य : वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांनी भरलेल्या खोल्या.)

एवढं सगळं रद्दीत गेलं, मग आपल्याला कसं दिसतंय? याचं श्रेय मोठ्या प्रमाणात एका चाहत्याला आहे. बिल ब्लॅकबिअर्ड, सॅन फ्रान्सिस्को. १९६० च्या दशकात अमेरिकी ग्रंथालयं वर्तमानपत्रांचे मायक्रोफिल्म, म्हणजे फिल्मवरचे बारीक फोटो, करत होती आणि मूळ अंक टाकून देत होती. मायक्रोफिल्म कृष्णधवल, म्हणजे निमोच्या पानाचे रंग कायमचे गेले. ग्रंथालयं ते अंक खासगी माणसाला देईनात, तेव्हा ब्लॅकबिअर्ड यांनी ना-नफा संस्था काढली, तिला नाव दिलं सॅन फ्रान्सिस्को अकॅडमी ऑफ कॉमिक आर्ट, आणि गठ्ठे स्वतःच्या घरी आणायला सुरुवात केली. घर भरलं. त्यांनी पानं कापली, स्ट्रिप तारखेनुसार लावल्या, आणि त्या साठ्यातून पुढे कितीतरी संग्रह छापले गेले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तो साठा ओहायो राज्य विद्यापीठाकडे गेला. सुमारे ७५ टन कागद, सहा मोठे ट्रक भरून.

त्या साठ्यामुळे आज ही पानं पुन्हा छापता येतात. फक्त प्रकाशकांना एक कळकळीची विनंती : गुळगुळीत कागदावर संगणकानं नवे भडक रंग भरू नका. मूळ पानावर रंगांचे ठिपके आहेत, ते कधीकधी रेषेबाहेर सांडलेत, खालचा कागद करडा आहे. मॅके आणि हेरिमन यांनी त्याच कागदाचा आणि त्याच ठिपक्यांचा विचार करून रंग ठरवले होते. पान मूळ आकारात छापा, ठिपक्यांसकट. पुस्तक टेबलावर मावलं नाही तरी चालेल; आम्ही जमिनीवर पसरून वाचू.